केक कुणाच्या आवडीचा?

लग्नाच्या केकवरून भांडण होऊ शकतं, हे ज्यांच्या घरी केक फक्त वाढदिवसाला येतो त्यांना पटणार नाही. पण वसईपासून गोव्यातल्या साष्टीपर्यंत ख्रिस्ती लग्नांत केकला मंचावर मानाची जागा असते. चर्चमधला विधी आटोपून नवरानवरी हॉलवर येतात, शेकडो पाहुण्यांसमोर केक कापतात, मग टोस्ट होतो, वाइन आणि केकचा तुकडा हातोहात फिरतो. जेवणाचा बेत थोरली मंडळी ठरवतात. गाऊन तिचा असतो, सूट त्याचा. केक मात्र दोघांचा. दोन माणसांनी मिळून निवडलेली आणि सगळ्या गोतावळ्यासमोर मांडलेली ती बहुधा पहिलीच वस्तू. म्हणून त्यावरचा वाद मला क्षुल्लक वाटत नाही. अशा वेळी ‘थोडं तुझं, थोडं माझं’ हा तोडगा सगळ्यांत आधी सुचतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत वाईट असतो.

पुढच्या संवादातल्या दोघी कल्पनेतल्या आहेत, वाद मात्र खरा आहे. मावशी वसईत राहते, लग्नाचे केक घरीच करते. भाची मुंबईला नोकरी करते. तिचं लग्न साष्टीच्या मुलाशी ठरलंय. उपासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टर उलटल्यावर, मे महिन्यात. भाची कागदावर केकचं चित्र काढून घेऊन आली आहे.

भाची: हे बघ मावशी, आमचं ठरलं. चार मजले. खालचे दोन त्याच्या आवडीचे, म्हणजे खांब, बाजूनं उतरणारा जिना, साखरेचे गुलाब. वरचे दोन माझ्या आवडीचे. पांढरे, सपाट, नक्षी नाही, फक्त आपला मोगरा. अर्धं त्याचं, अर्धं माझं. भांडण मिटलं.

मावशी: भांडण मिटलं असेल, पण केक बिघडला. हा जिना वर चढून जाणार कुठं? तुझ्या सपाट मजल्याच्या पायथ्याशी तो अडकून पडतो. आणि तुझा सपाटपणा शोभायला भोवती मोकळी जागा लागते. गुलाबांच्या गर्दीवर तोच ठेवला तर लोक म्हणतील, मावशीला वेळ पुरला नाही, वरचं काम राहून गेलं.

भाची: लोक काय म्हणतील ते सोड. दोघांनी थोडं थोडं सोडलं, हे महत्त्वाचं नाही का?

मावशी: सोडलं दोघांनी, पण मिळालं कुणाला? फोटो बघताना तुला जिना खुपेल, त्याला वरचं मोकळं पांढरं खुपेल. मी असे केक करून दिलेत. पैसे मिळतात, पण घरात कुणी त्या केकबद्दल पुन्हा बोलत नाही.

भाची: मग काय, नाणेफेक करू?

मावशी: आधी मला सांग, त्याला जिना कशाला हवा?

भाची: त्याच्या आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आहे म्हणून. भिंतीवर लावलेला मोठा फोटो. त्यात केक त्याच्या बाबांच्या खांद्यापर्यंत येतो. ती आमची परंपरा आहे, असं तो म्हणतो. मी म्हटलं, परंपरा कसली? हे सगळं राणी व्हिक्टोरियाच्या घरचं. 1840 साली तिचं लग्न झालं तेव्हाचा केक सुमारे 300 पौंडांचा होता, त्यावर ब्रिटानियाची मूर्ती नवरानवरीला आशीर्वाद देत उभी होती. मजल्यावर मजला ही फॅशनही त्याच घराण्याची. आपण ती उचलली आणि आता ती आपली म्हणतो.

मावशी: बरं, आणि तुझा साधा केक कुठून आला? वसईच्या वाडीतून?

भाची: तसं नाही...

मावशी: 2018 साली ब्रिटिश राजघराण्यातल्या हॅरी आणि मेगनच्या लग्नात फ्रूटकेक बाजूला ठेवून लिंबू आणि एल्डरफ्लॉवरचा केक केला, बटरक्रीम लावून, ताजी फुलं खोचून. त्यानंतर माझ्याकडे फोटो घेऊन येणाऱ्या मुलींची रीघ लागली. तुझ्या कागदावरचं चित्रही त्यातलंच आहे. त्याचा केक त्या राजवाड्यातून जुन्या काळी आला, तुझा अलीकडे आला. त्यामुळे आपलं कुठलं आणि परकं कुठलं, यावर हा वाद सुटायचा नाही. साष्टीत केक यायच्या आधीपासून नवरीबरोबर वोजें जायचं. नारळगुळाचा बोल, दोदोल, टोपल्या भरून. ते नवऱ्याच्या गावात घरोघर वाटायचे. आपल्याकडे उंबराचं पाणी आणायचा विधी व्हायचा. तिथं कुणी डिझाइनवरून भांडत नव्हतं, कारण निवडायला काही नव्हतंच. आता निवडायला मिळतंय, तर नीट निवडा.

भाची: नीट म्हणजे कसं, तेच तर विचारायला आलेय.

मावशी: केक बघायचा असतो, खायचा असतो आणि पाठवायचा असतो. तुम्ही भांडताय फक्त बघायच्या केकवरून. खायचा कसा, हे बोललात का?

भाची: तो म्हणतो फ्रूटकेक. मला नाही आवडत. ती लाल-हिरवी टुटीफ्रुटी, तो काळा चिकट तुकडा, लग्नानंतर महिनाभर फ्रीजमध्ये पडलेला. मला लिंबाचा हलका केक हवा.

मावशी: टुटीफ्रुटीचा फ्रूटकेक माझ्या घरात होत नाही. मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल रममध्ये कित्येक आठवडे मुरतात. आणि तो फ्रूटकेक का मागतो, हे तरी विचारलंस का?

भाची: विचारलं. त्याचे दोन काका कुवेतला आहेत, एक आत्या लंडनला. मे महिन्यात सुट्टी मिळणार नाही. लग्नाचा केक डब्यात घालून त्यांना पाठवायचा, हे त्यांच्या घरात चालत आलंय. तो लहान असताना दुसऱ्यांच्या लग्नांचे असेच डबे बाबांबरोबर पोस्टात टाकायला जायचा.

मावशी: मग हे तू मला आत्ता सांगतेस? लिंबाचा स्पंज डब्यातून कुवेतला पोचेपर्यंत बुरसटेल. फ्रूटकेक महिनोन् महिने टिकतो. सुकामेवा, साखर आणि दारू त्याला राखतात. विलायतेत पूर्वी वरचा मजला पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत जपून ठेवत, ते याच केकच्या जोरावर. जिना हा त्याचा हट्ट असेल, पण फ्रूटकेक ही त्याची गरज आहे. दोन्ही तुम्ही एकाच तराजूत टाकलं आणि मधोमध कापलं.

इथं मला थांबून माझं मत सांगायला हवं. लग्न ठरलेली जोडपी आवडीनिवडी एका कागदावर उतरवतात आणि एकेक ओळ आलटून पालटून खोडतात, असं मी पाहत आलो आहे. यात समानता दिसते, पण जी गोष्ट एकाच्या जिव्हाळ्याची आहे आणि जी दुसऱ्याच्या नुसती नजरेला बरी वाटली, त्यांचं वजन सारखंच धरलं जातं. मावशीचा आग्रह मला योग्य वाटतो: काय हवं यापेक्षा ते कशासाठी हवं, हे आधी बोला. पण भाचीनं पुढे जो आक्षेप घेतला, तो मला मावशीच्या आग्रहाइतकाच मोलाचा वाटतो.

भाची: म्हणजे ज्याला जास्त वाटतं, त्याचं व्हावं?

मावशी: त्या त्या बाबतीत, हो.

भाची: मावशी, हे ऐकायला छान आहे. पण आपल्या घरात मी काय बघत आले? पपांना वाटायचं ते जोरात वाटायचं, म्हणून ते व्हायचं. मम्मीला काय वाटतं, हे कुणाला कळायचंच नाही. तिनं कधी सांगितलं नाही. आपल्याला किती वाटतं, हे कमी करून सांगायला आपण मुली लहानपणीच शिकतो. मला साधा केक हवा, हे सांगताना मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? ‘मला काय, कसाही चालेल, पण साधा असता तर बरं.’ त्यानं फोटो दाखवला, आजीचं नाव घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं. तुझ्या तराजूत त्याचंच पारडं जड होणार. म्हणून मी अर्धं मागितलं. अर्ध्यात निदान माझा वाटा मोजून मिळतो.

मावशी: (थोडा वेळ गप्प) हे खरं आहे. माझ्याकडे जोडपी येतात तेव्हाही बोलतो कोण, हे मी बघते. कधी मुलगी बोलते आणि मुलगा मोबाइल बघत बसतो, कधी दोघं गप्प आणि मुलाची आई बोलते. गप्प बसलेल्याला मी वेगळं विचारते. तुलाही विचारते. ‘चालेल’ म्हणू नकोस. तुला साधा केक का हवा?

भाची: खोटं नको म्हणून. परवा मैत्रिणीच्या लग्नात पाच मजली केक होता. सुरी फक्त एका बाजूला फिरली. नंतर कळलं, खालचे चार मजले थर्माकोलचे. वरून फॉन्डंट लावलेलं, आत फोम. चर्चमध्ये एकमेकांशी खरं राहायची शपथ घेऊन आलेली माणसं मंचावर थर्माकोल कापतात! मला ते बघवत नाही. साधा केक असला तर तो खरा असतो, असं मला वाटतं.

मावशी: म्हणजे तुला साधेपणा नकोय, खरेपणा हवाय.

भाची: दोन्ही एकच ना?

मावशी: नाही ग. साधा दिसणारा केकही डमी असू शकतो, वरून नुसतं पांढरं लावलं की झालं. आणि खांबांचा, जिन्याचा केक आतून शंभर टक्के केक असू शकतो. डमीची लाज फक्त आपल्याच काळाला नाही. 1858 साली राणी व्हिक्टोरियाच्या मोठ्या मुलीच्या लग्नात मजल्यांचा केक केला, तेव्हा वरचे मजले नुसत्या साखरेचे होते. सगळे मजले खरे असलेला केक त्या घराण्यात आला 1882 साली, धाकट्या लिओपोल्डच्या लग्नात. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचं आयसिंग घालायला बंदी आली. तेव्हा माणसं पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टरचं पांढरं टोपण भाड्यानं आणत आणि खाली वीतभर केक ठेवत. त्या नवरीला तू खोटी म्हणशील?

भाची: नाही म्हणणार. तिच्याकडे साखर नव्हती. माझ्या मैत्रिणीच्या घरी साखर होती, पैसे होते, सगळं होतं. नसल्यामुळे झाकणं वेगळं, मोठं दिसावं म्हणून फुगवणं वेगळं. ही दोन उदाहरणं एका दावणीला बांधू नकोस.

मावशी: मान्य. हे तू बरोबर बोललीस. 1947 साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात तर रेशनिंग असूनही 9 फूट उंच, 500 पौंडांचा केक झाला. सामान ऑस्ट्रेलियाच्या गर्ल गाइड्सनी धाडलं होतं. तेही खरं होतं आणि मोठंही होतं. म्हणजे मोठेपणा आणि खोटेपणा बरोबरच आले पाहिजेत असं नाही.

भाची: मग आमच्या केकचं काय करतेस?

मावशी: एक वाट सोपी आहे. 2011 साली राजपुत्र विल्यमच्या लग्नात मुख्य केक होता आठ मजली फ्रूटकेक, वर फुलंपानं. शिवाय त्याच्या आवडीचा वेगळा चॉकलेट बिस्किटांचा केक होता, न भाजलेला. तसा त्याचा एक, तुझा एक. दोन टेबलं.

भाची: नको. दोन केक म्हणजे आमचं जमलं नाही, हे माईकवरून सांगितल्यासारखं होईल. तुझ्या राजवाड्यात जागा पुष्कळ. आमच्या हॉलवर मंचावर बँडवाले, खुर्च्या, फुलांच्या कमानी.

मावशी: मला त्यात लाज वाटत नाही. दोन माणसं, दोन जिभा. पण तुला नको तर नको. तो कागद इकडे दे. पाहुणे किती?

भाची: सहाशे.

मावशी: माणशी 25 ग्रॅमचा तुकडा धरला तर 15 किलो. 12 इंच, 9 इंच आणि 6 इंच, असे तीन मजले केले तर त्यात साधारण नऊ किलो बसतो. उरलेला सहा किलो चौकोनी ट्रेमध्ये भाजून आत स्वयंपाकघरात कापायचा. मंचावर एक इंचही थर्माकोल नाही. खालचे दोन मजले फ्रूटकेक. त्यांच्यावर काजूचं मार्झिपन, बदामाचं नाही, आपल्याकडे काजूच चालतो. वरचा 6 इंचाचा मजला तुझा, लिंबाच्या पाकात मुरवलेला बटर केक. जड खाली, हलकं वर, हे केकच्या दृष्टीनंही शहाणपणाचं आहे. स्पंज खाली ठेवून फ्रूटकेक वर चढवला असता तर टोस्टच्या आधीच तो खचला असता.

भाची: पण मग वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत टिकणार नाही.

मावशी: तुला ठेवायचा आहे?

भाची: मला खायचा आहे. त्याच दिवशी, त्याच्याबरोबर.

मावशी: मग झालं की. कुवेतचे आणि लंडनचे डबे मी मधल्या मजल्यातून बाजूला काढते. आता बाहेरून. तुला बटरक्रीम हवं होतं. मे महिन्यात वसईत ते टिकत नाही. लोणी 30 अंशांच्या पुढं ढिलं पडतं, आणि आपल्याकडे रात्री आठलाही हवा ओली असते. हॉलला एसी असला तरी चर्चमधून लोक येतात, दारं उघडी राहतात. नुसतं रॉयल आयसिंग म्हणशील, तर अंड्याचा पांढरा आणि पिठीसाखर वाळून टणक होतात. फ्रूटकेकवर ते ठीक, पण तुझ्या मऊ मजल्यावर त्याला भेगा जातील. म्हणून तिन्ही मजल्यांवर फॉन्डंट, पांढरं, सपाट. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, नाहीतर बाहेर काढल्यावर घाम फुटतो आणि सगळी चकाकी चिकट होते.

भाची: सपाट! आणि तो मान्य करेल?

मावशी: नुसतं सपाट केलं तर नाही करणार, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून खालच्या आणि मधल्या मजल्यामध्ये खांब उभे करायचे. चार बोटांचं अंतर. खांबांच्या आतून काड्या थेट तळाच्या फळीपर्यंत जातात, वजन त्या घेतात. त्यामुळे उंची येते, लांबून दिसतं, फोटोत त्याच्या खांद्यापर्यंत जातं. आणि त्या चार बोटांच्या मोकळ्या जागेत तुझा मोगरा भरायचा, गच्च. फुलं पातळ ताटलीवर, केकला देठ लागू द्यायचा नाही. वाडीतली फुलं फवारणीची असतात, ती केकवर थेट खोचायची नाहीत. आणि कुणी कौतुकानं कण्हेर आणून लावली तर हात धरायचा, ती विषारी. मोगरा लवकर लालसर पडतो, म्हणून तो मी हॉलवर येऊन, चर्च सुटल्यावर भरेन.

भाची: मग जिना?

मावशी: जिना मी करणार नाही. खांब हे केकचं काम आहे, ते वजन पेलतात. जिना नुसता लटकतो. पण हे माझं मत, त्याचं नाही. त्याला तो फोटोतला जिनाच मनापासून हवा असेल, तर खांब काढू आणि जिना ठेवू. मग मोगऱ्याची जागा वेगळी शोधावी लागेल.

भाची: म्हणजे शेवटी तू माझी बाजू घेतलीस. सपाट पांढरं, मोगरा, लिंबू.

मावशी: नीट मोज. आतला केक दोन मजले त्याचा. डबे त्याचे. उंची त्याची. खांब त्याचे. तुझं बाहेरचं पांढरं, एक मजला आणि फुलं. पण मोजायचं कशाला? आता तो केक बघून कुणी म्हणेल का, इथपर्यंत मुलाचा, तिथून पुढं मुलीचा?

भाची: नाही म्हणणार. पण मावशी, तुझी ही रीत सगळीकडे चालणार नाही. केक गोड वस्तू आहे, हातात चित्र आहे, मध्ये तू बसलीस. उद्या घर कुठं घ्यायचं, वसईत की मडगावला, तेव्हा खांब उभे करायला तू येणार आहेस का? तिथं मधली जागाच नसेल. तिथं मला अर्धंही मागावंच लागेल, आणि कधी नाणंही फेकावं लागेल.

मावशी: घराचं मला विचारू नकोस, मला केक येतो. पण तिथंही आधी विचारशील ना, वसई कशासाठी, मडगाव कशासाठी?

भाची: विचारेन. आणि ‘मला काय, कुठंही चालेल’ असं म्हणणार नाही, हेही तुला सांगते.

दोघींपैकी कोण जिंकलं, हे मला ठरवता येत नाही, ठरवायचंही नाही. वाटे पाडण्यापूर्वी कारणं विचारावीत, हे मावशीचं म्हणणं मी मनापासून मानतो. पण ज्याला स्वतःचं कारण मोठ्यानं सांगायची सवयच नाही, त्याच्यासाठी समान वाटा हाच आधार असतो, हे भाचीचं म्हणणं मला खोडता येत नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात जोडप्यांना पैशांबद्दल, मुलांबद्दल, सासरमाहेराबद्दल बोलायला लावतात. माझ्या मते तिथंच त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून, मिळून एक केक काढायला सांगायला हवं. कोण बोलतं, कोण ‘चालेल’ म्हणतं, कोण कुणाला ‘का’ विचारतं, हे त्यांना स्वतःलाच तासाभरात दिसेल.

मावशी: हा कागद मी ठेवून घेते. आणि पुढच्या वेळी एकटी येऊ नकोस.

भाची: तो सुट्टी काढून येईल का, बघते.

मावशी: येईल. रविवारच्या मिसानंतर दोघं या. फ्रूटकेकचा एक तुकडा आणि लिंबाचा एक तुकडा कापून ठेवते. आधी तू त्याचा खा, त्यानं तुझा खावा. मग जिन्याचं बोलू.